'विषारी' म्हणजे खाल्लं तर, की चावलं तर?

मुलांच्या अंकासाठी प्लॅटिपसवर (ऑस्ट्रेलियातला, बदकासारख्या चोचीचा सस्तन प्राणी) लेख लिहितेय. शीर्षक दिलं, 'विषारी सस्तन प्राणी'. पुतणीने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे खाल्ला तर माणूस मरतो?" तिचं काय चुकलं? विषारी अळंबी पोटात गेली की बाधते, विषारी साप चावला की बाधतो. आपण दोघांना एकच विशेषण लावून मोकळे. गरळ, जहर, सविष असे शब्द चाचपले, एकही बसेना. सुचवा.

प्रतिसाद १
गरळ नको, ताई. तिला आता ओकण्यापलीकडे काम उरलेलं नाही, आणि ते माणसंच करतात. जहर तर बाटलीतलं वाटतं. 'सविष' कागदावर ठीक, पण पुतणी परत विचारणारच.

प्रतिसाद २
नामात शोधताय म्हणून सापडत नाही. मराठीने हा फरक क्रियापदांकडे सोपवलाय. विष घेतात, पाजतात, अन्नात कालवतात: हे पोटातलं. विष चढतं, भिनतं, उतरवतात: हे दंशाचं. आमच्या गावी तर साप चावला म्हणतच नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. 'भिनणं' मला विशेष आवडतं, कारण संस्कृत 'विष' ज्या धातूवरून सांगतात त्याचा अर्थच व्यापणं. लॅटिन 'व्हायरस' त्याच कुळातला. म्हणजे 'विषाणू' ही दूरच्या भावंडांची गाठ.

प्रश्नकर्ती
छान! पण प्लॅटिपस चावत नाही हो. नराच्या मागच्या पायाला, कोंबड्याला असतो तसा काटा असतो, विष त्यातून येतं. विणीच्या हंगामात ग्रंथी जोरात असते, म्हणजे रोख बहुधा दुसऱ्या नरांवर. माणूस दगावत नाही, पण ठणका असा की मॉर्फीनही फारसं चालत नाही. 'दंश' कसं लिहू?

प्रतिसाद २
'काटा मारतो' लिहा, विंचू नांगी मारतो तसं. रसायन मात्र लेखात हवंच. जंतूंशी लढणारी डिफेन्सिन नावाची प्रथिनं आपल्याही अंगात असतात. प्लॅटिपसमध्ये त्यांच्या जनुकाच्या जादा प्रती झाल्या आणि काहींना हा नवा धंदा मिळाला. काही सापांनीही स्वतंत्रपणे हीच वाट धरली.

प्रतिसाद ३
चिचुंद्रीच्या गोतातली उत्तर अमेरिकेची आखूडशेपटी विसरू नका. तिची लाळच विष. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्यातलं प्रथिन वेगळं काढलं. ते कॅलिक्रेइन नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) घराण्यातलं. कॅलिक्रेइन आपल्या लाळेतही असतं. त्याच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावणारे रेणू सुटतात. प्रमाण वाढलं की रक्तदाब कोसळतो. ती भक्ष्य लुळं करून साठवते, जिवंत! कॅरिबियन बेटांवरच्या, चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या सोलेनोडॉननेही वेगळ्या वाटेने कॅलिक्रेइनच वापरलं. तिथे लाळ आणि विष यांत रेघ कुठे ओढायची? रक्त पिणाऱ्या वटवाघळाची लाळ रक्त गोठू देत नाही, तिला विष म्हणायला तर माझी जीभच वळत नाही.

प्रतिसाद १
सोलेनोडॉनला मराठी नाव द्या की! ग्रीक अर्थच खोबणीचा दात. खालच्या दुसऱ्या पटाशीच्या दाताला खोबण असते, विष तिच्यातून वाहतं. 'पन्हळदात्या' कसं वाटतं?

प्रश्नकर्ती
घेतलं! शीर्षकही बदललं: 'विष टोचणारे सस्तन प्राणी'. 'टोचणारे'मध्ये काटाही आला, दातही आला. आता पन्हळ म्हणजे काय ते पुतणीला सांगायचंय. अकराव्या मजल्यावर राहते ती.