इस्बिस्टर आडनाव कॅनडात कसं पोचलं?

काही जण म्हणतात की कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या क्री (तिथले मूळ रहिवासी) आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपियन यांचे मिश्र वंशज) घरांत इस्बिस्टरसारखी आडनावं मिशनऱ्यांनी दिली असावीत. इस्बिस्टरपुरतं ते मला पटत नाही. हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं गावावरून पडलेलं आडनाव, आपल्या '-कर'सारखं. शेवटचं 'बिस्टर' जुन्या नॉर्समधलं (व्हायकिंग काळातली स्कँडिनेव्हियन भाषा), अर्थ शेतवाडी. ती बेटं आधी नॉर्वेच्या राजाकडे होती आणि 1468 मध्ये राजघराण्यातल्या लग्नाच्या हुंड्यापोटी गहाण म्हणून स्कॉटलंडकडे आली, त्यामुळे या नावामागे हायलँडचं (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचं) कुठलं कुळ शोधू नये.

कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन्स बे कंपनीची जहाजं ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरात पाणी भरायला थांबत आणि तिथूनच तरुण नोकरीला उचलत. पुढे त्यांनी क्री बायकांशी संसार केले, म्हणजे नाव बापाकडूनच आलं. अलेक्झांडर केनेडी इस्बिस्टरचंच बघा: जन्म 1822, बाप ऑर्कनीचा, आईची आई क्री. 1847 मध्ये लंडनमध्ये त्याने रेड रिव्हरच्या (आताच्या मॅनिटोबातली वसाहत) लोकांच्या वतीने याच कंपनीविरुद्ध अर्ज केला! मॅनिटोबा विद्यापीठाला त्याने शिष्यवृत्तीसाठी पैसा ठेवला, स्त्री-पुरुष, वंश, धर्म न बघता द्यायच्या अटीवर. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.