मरिनर्स २०२६: आशा धरायची, पण कशाच्या भरवशावर?

इलियट_बे
“कॅचर रॅलीचे ६० होमरन, फर्स्ट बेसमन नेलरचा पाच वर्षांचा करार, म्हणजे यंदा सिएटल वर्ल्ड सिरीजमध्ये पोचलंच!” परवाच्या गप्पांतलं हे वाक्य वाचून राहवलं नाही. १९७७ पासून एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीग बेसबॉलची अंतिम मालिका, न खेळलेला सिएटल मरिनर्स हा एकमेव संघ. २००१ मध्ये ११६ सामने जिंकूनही पोचला नाही. रॅली गेल्या वर्षी १५९ सामने खेळला, वर प्लेऑफचे (बादफेरीचे) १२, आणि यंदा मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक. चेंडू झेलायला बॅटरमागे सतत उकिडवं बसणाऱ्या कॅचरचे पाय ऑगस्टमध्ये जड होतात, मग बॅट उशिरा येते. त्यातच हॅरी फोर्ड हा तयार होत आलेला कॅचर वॉशिंग्टनला देऊन टाकला. माझी आशा पिचिंगवर (चेंडूफेकीवर) आहे. वू, कर्बी, गिल्बर्ट, मिलर, कास्तियो यांनी प्रत्येकी २८ स्टार्ट घेतले, म्हणजे तेवढ्या सामन्यांत पहिल्यापासून चेंडू टाकला, तर १६२ पैकी १४० सामने झाले, उरतात २२.

डावखुरा
प्रत्येकी २८? कागदावर काहीही होतं. २०२५ मध्ये गिल्बर्टचा कोपराजवळचा फ्लेक्सर स्नायू, कर्बीचा खांदा, मिलरच्या कोपरात वाढलेलं हाड, वूचा छातीचा स्नायू. पाचांपैकी फक्त कास्तियो धड. शिवाय बॅटर पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. एप्रिलच्या रात्री आपल्या टी-मोबाईल पार्क मैदानात थंड हवेत चेंडू कुंपणाआधीच पडतो, तिथे धावा कोण काढणार?

बुलपेन
पिचर कितीही धडधाकट असोत, गेल्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या दारात, टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात जे झालं तेच होणार असेल तर काय उपयोग? टोरांटोत ३-१ ने पुढे होतो. सातव्या इनिंगमध्ये वूने बार्गरला वॉक दिला (चार बॉल, म्हणजे फुकट पहिला बेस), मग सिंगल, मग बंट (बॅट नुसती टेकवून रनर पुढे सरकवणं). दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर रनर, एक आउट, समोर स्प्रिंगर. आणि मॅनेजर विल्सनने आणला पिचर बाझार्डो! सिंकर (खाली बुडणारा चेंडू), होमरन, टोरांटो ४-३. शेवटच्या इनिंगसाठी राखलेला आपला मुन्योस बाहेर बसून.

इलियट_बे
अहो, विषय नव्या सीझनचा आहे. आणि मुन्योस सातव्यात वापरला असता तर आठवी-नववी कोणी टाकायची? आठ आउट बाकी होते.

बुलपेन
नववीपर्यंत आघाडी टिकली तर ना! पहिल्या बेसवर रनर नव्हता, म्हणजे ग्राउंडबॉलवर (जमिनीवरून जाणाऱ्या फटक्यावर) सहज डबल प्ले, एका चेंडूत दोन आउट, मिळणार नव्हता. सिंकरचं काम ग्राउंडबॉल काढणं, आणि त्यावर तिसऱ्यावरचा धावून येऊ शकतो. तिथे स्ट्राइकआउटच हवा होता, म्हणजे मुन्योसचा स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू). १.७३ ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेल्या धावा) असलेला माणूस ठरलेल्या इनिंगसाठी जपून ठेवायचा, हा हट्ट सोडला नाही तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच.

डावखुरा
मग स्प्रिंगरलाच वॉक द्यायचा! बेस भरले की डबल प्लेची वाट उघडते आणि सिंकरवाला योग्य ठरतो. चूक माणसाची नाही, डावाची.

बुलपेन
आणि त्याच्यामागे येणारा टोरांटोचा तगडा बॅटर गुरेरो? निकाल कळल्यावर डाव मांडणं सोपं असतं.

डावखुरा
तुम्ही वेगळं काय करताय? मुन्योसचा मुद्दा तरी निकाल कळण्याआधी मांडला होता का?

सेफको_जुना
जरा थांबा. यंदाचा नवा नियम कुणी मोजलाच नाही. पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येणार: प्रत्येक संघाला दोन, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच, डगआउटकडे (संघाच्या बाकाकडे) न बघता, लगेच डोक्याला हात लावायचा. झोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो ती चौकट, बॅटरच्या उंचीच्या २७ ते ५३.५ टक्के. पिचर स्वतःच्या चेंडूच्या प्रेमात असतो, त्याने दुसऱ्या इनिंगमध्येच दोन्ही घालवली तर आठव्यात फुल काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) हात बांधलेले. सिएटलने हा हक्क फक्त रॅलीकडे ठेवावा. कडेचे चेंडू आत ओढून स्ट्राइक मिळवण्याचं त्याचं कसब थोडं घटेल, पण झोन त्याच्याइतका कुणाला कळतो?

डावखुरा
हे पटलं. पण त्यासाठी तो मैदानावर हवा. आठवड्यातून दोनदा त्याला डीएच (फक्त बॅटिंग करणारा) करा, मग आव्हानं कोण देणार तेही सांगा.

इलियट_बे
म्हणूनच दुसरा भरवशाचा कॅचर हवा म्हणतोय. फोर्डच्या बदल्यात आलेला फेरर डावखुरा रिलीव्हर (मध्येच येणारा पिचर) आहे, त्यामुळे मुन्योसला आधी आणण्याची मोकळीक मिळते. बुलपेन, तुमचं एवढं मान्य.

बुलपेन
एवढंच नाही. मे महिन्यात सातव्या इनिंगला दोन रनर असताना विल्सनने मुन्योसला एकदा तरी उठवलं, तर मी आशा धरेन. तोपर्यंत नाही.