आधी जग की आधी पात्र?
‘आधी अख्खं जग उभं करा, मगच फँटसीच्या पटकथेला हात घाला’ हे मत मला पटत नाही. पटकथालेखन शिकताना मी नेमकं तेच केलं. नकाशे, राजवंश, लिपी... चार महिने त्यातच गेले. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण १ मिनिट, आणि माझी पहिली १४ पानं नुसता इतिहास सांगत होती!

मग एकच नियम ठेवला: मंत्र म्हटला की म्हणणाऱ्याची एक आठवण पुसली जाते. पटकथेतली मुलगी पुरात बुडणाऱ्या भावाला मंत्राने बाहेर काढते, त्याचं ओलं डोकं पुसते आणि विचारते, “तू कोणाचा रे?” तिथे मला गोष्ट सापडली. नकाशातली फक्त ती नदी पटकथेत उरली.