शब्दचर्चा: ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे होतकरू का? (एनएफएल ड्राफ्टच्या निमित्ताने)

डॅलसकर

एप्रिल जवळ आला की आमच्याकडे दुसरा विषय नसतो. कॉलेजात फुटबॉल (अमेरिकन, हाताने खेळायचा) खेळलेल्या पोरांतून एनएफएलचे (इथली व्यावसायिक लीग) ३२ संघ पाळीपाळीने खेळाडू उचलतात, हाच ड्राफ्ट; सात फेऱ्या चालतात, आणि त्याआधी दोन-तीन महिने इथला प्रत्येक शौकीन स्वतःला निवड समितीचा अध्यक्ष समजतो. मीही समजतो.

हे सगळं पुण्यातल्या मावसभावाला मराठीत सांगताना अडायला होतं. ‘प्रॉस्पेक्ट’ला (ड्राफ्टमध्ये उचलला जाईल अशी आशा असलेला पोरगा) होतकरू लिहिलं तर म्हणाला, “गरीब आणि होतकरू का? मग वह्यावाटप कधी आहे?” तर होतकरूला पर्याय सुचवा. शिवाय स्लीपर, बस्ट, रीच, अपसाइड. आणि स्काउटिंगला, म्हणजे संघांची माणसं पोरं हेरतात त्याला, ‘पारखणे’ चालेल का?

शब्दवेडी

होतकरू शब्दाची चूक नाही, वह्यावाटपाच्या बातम्यांनी त्याला गरिबी चिकटवली. होतकरू वकील, होतकरू नट असं आपण सहज म्हणतोच की. आज फारसा नाही पण पुढे काहीतरी होईल, ही आशा त्यात आहे, आणि तुम्हाला नेमकं तेच म्हणायचंय. बिनधास्त वापरा. ‘उमेदवार’ही मुळात फार सुंदर होता: उमेद बाळगणारा. वर्कशॉपात उमेदवारी करणारा पोरगा आठवा. पण तो शब्द आता निवडणुकांनी कायमचा पळवला.

बाकीचे: स्लीपर म्हणजे झाकलं माणिक. बस्ट, फुसका बार. अपसाइडला ‘वाव’ पुरे: “त्याच्यात अजून बराच वाव आहे.” रीच म्हणजे नक्की काय?

डॅलसकर

चौथ्या फेरीत सहज मिळाला असता त्याला दुसऱ्या फेरीतच उचलणं.

शब्दवेडी

मग ‘चढ्या भावाने घेतला’.

वांद्रे लोकल

एवढं कशाला? सरळ लिलाव म्हणा. आयपीएलमुळे सगळ्यांना कळतं.

डॅलसकर

नाही हो, तिथेच तर घोळ होतो. लिलावात बोली लागते. इथे पैशाची बोली नाहीच. आदल्या मोसमात जो संघ सगळ्यांत खाली राहिला त्याची पाळी पहिली, जिंकलेल्याची शेवटची. पोराला कुठे जायचं ते विचारत नाहीत, आणि २०११ पासून पगारही कितव्या पाळीला उचललं त्यावर जवळपास ठरलेला असतो. गल्लीत दोन कप्तान टीम पाडताना “हा माझा, तो तुझा” करतात, तसं. फक्त तिथे भांडून शेवटचा भिडू ‘कच्चा लिंबू’ करता येतो, इथे नाही.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ ला फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. सगळ्यांत पहिलं नाव निघालं शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. आदल्याच वर्षी कॉलेज फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. गडी व्यावसायिक फुटबॉल एक सामनाही खेळला नाही! म्हणजे ड्राफ्टचा श्रीगणेशाच असा.

ओहायोवासी

‘पारखणे’वर माझी हरकत आहे, आणि नुसता शब्दाचा कीस म्हणून नाही.

पारखी काय करतो? हिरा अस्सल की काच, ते सांगतो. हिरा त्या क्षणी हिराच असतो. पारख्याने चूक केली तरी हिऱ्याला फरक पडत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. तो कुठल्या संघात जातो, प्रशिक्षक कोण मिळतो, पुढची फळी त्याला सांभाळते की पहिल्याच वर्षी गुडघा जातो, यावर तो हिरा की काच ते ठरायचं असतं. त्याला मराठीत अटकळ म्हणतात. फार तर अदमास. आणि मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुठे जाणार याची आधीच केलेली यादी, तो तर निव्वळ होरा.

‘जोखणे’ मात्र चालेल, कारण जोखणं म्हणजे वजन करणं, आणि इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) खरोखर तेच करतात. उंची, वजन, ४० यार्डांची धाव (साडेछत्तीस मीटर), १०२ किलोची दांडी न थांबता किती वेळा उचलतो. आणि माझं सगळ्यांत लाडकं माप: हात. पंजा पूर्ण ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. आजीच्या भाषेत वीत. क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणारा मुख्य गडी) वीत लहान असेल तर ओल्या हवेत चेंडू निसटेल अशी भीती, आणि त्या पाव-अर्ध्या इंचावर लोक आठवडाभर भांडतात. आमच्या जो बरोची वीत २०२० मध्ये नऊ इंच भरली. केवढा गहजब! त्याने स्वतःच ट्विटरवर थट्टा केली की एवढ्याशा हातातून चेंडू निसटणार म्हटल्यावर मी निवृत्त व्हायचा विचार करतोय. आमच्या ओहायोतल्या बेंगल्स संघाने त्याला पहिल्याच पाळीला उचललं आणि दुसऱ्या मोसमात तो त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

तेव्हा वीत जोखता येते. पुढचं सगळं अटकळ.

फिलीकर

ओहायोवासींशी सहमत, आमच्या गावाने तर हे जाहीरपणे सिद्ध केलंय. १९९९ चा ड्राफ्ट न्यूयॉर्कला होता. आमच्या ईगल्स संघाची पाळी दुसरी. फिलाडेल्फियाहून चाहत्यांचा एक गट मुद्दाम गेला होता, सगळ्यांना टेक्सासचा रिकी विल्यम्स हवा होता. आयुक्तांनी नाव वाचलं डोनोवन मॅकनॅब, आणि मंडळींनी भर सभागृहात त्या पोराची हुर्यो उडवली. त्याच मॅकनॅबने ईगल्सना पाचदा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात नेलं, एकदा सुपर बोलमध्ये. पाळ्यांची अदलाबदल चालते इथे; विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि वर पुढल्या वर्षीच्या दोन मोजल्या. तो वाईट नव्हता हो, पण एवढा भाव?

मात्र एक विचारतो. अटकळच असेल तर ती चुकल्यावर लोक “पारख नव्हती” का म्हणतात?

ओहायोवासी

कारण निकाल लागल्यावर बोलतात. बरोबर आली की पारख, चुकली की नशीब खोटं; आणि दुसऱ्याची चुकली तर “डोळे फुटले होते का”. पुढे थोर क्वार्टरबॅक ठरलेल्या टॉम ब्रेडीला न्यू इंग्लंड संघाने २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या पाळीला घेतलं. न्यू इंग्लंडचे लोक त्याला पारख म्हणतात. इतकी खात्री होती तर पाच फेऱ्या कशाची वाट बघत होता?

शब्दवेडी

हा हा. मग ‘वाव’सुद्धा अटकळीतच गेला.

डॅलसकर

वाव हा तर सगळ्यांत महाग शब्द आहे, ताई. २०१८ ला वायोमिंगचा जॉश ॲलन. दंडात तोफ, पण कॉलेजात जेमतेम ५६ टक्के फेकी पोचायच्या. आकडे बघणारे म्हणायचे हा फुसका बार, डोळ्यांनी बघणारे म्हणायचे वाव बघा. बफेलोने सातव्या पाळीला घेतला, आणि तो २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

आणि तोच वाव सॅन फ्रान्सिस्कोला असा भोवला: २०२१ मध्ये ट्रे लान्ससाठी ते बाराव्या पाळीवरून तिसरीवर चढले, त्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक दिली. पोराने कॉलेजात पूर्ण असा एकच मोसम खेळलेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला चौथ्या फेरीच्या एका पाळीवर विकला, तोही आमच्या डॅलसला. घेणारे आम्हीच, त्यामुळे मी फार हसत नाही.

वांद्रे लोकल

मग सॅन फ्रान्सिस्कोकडे खेळला कोण?

डॅलसकर

ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा. लान्सचा घोटा गेला, मग त्याच्या जागी आलेल्या गारोपोलोचा पाय, म्हणून हा उतरला आणि पुढच्या मोसमात सुपर बोल खेळला. त्याच संघाने, त्याच माणसांनी निवडलेला. शेवटच्या खेळाडूला इथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात. याला शब्द सुचवा आता. ‘अप्रस्तुत’ नको, संपादकीय वाटतं.

शब्दवेडी

शेंडेफळ!

फिलीकर

शेंडेफळाचे लाड होतात. याची तर टिंगल असते.

डॅलसकर

लाडही होतात. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला शेवटच्या खेळाडूसाठी खास सोहळे ठेवतात. हाइसमन करंडकाची (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळतो तो) नक्कल करून ‘लोसमन’ नावाचा करंडकही देतात, त्यावरच्या पुतळ्याच्या हातून चेंडू निसटतोय. शेंडेफळ पक्कं. मावसभावाला कळवतो.

ओहायोवासी

पुतळ्याची वीत मोजा म्हणावं.