मदत हवी आहे: आयर्नमॅन ७०.३ ला साडेपाच आठवडे, सायकलवर ६० किलोमीटरनंतर पोट फुगतं आणि पुढे धावता येत नाही

कातळवाट

गोव्याची आयर्नमॅन ७०.३ ट्रायथलॉन पहिल्यांदाच करणार आहे. १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं. आधी कोल्हापूरला राजाराम तलावात ऑलिंपिक अंतराची (१.५, ४०, १०) पूर्ण केली आहे. राहायला पुण्यात. जाणकारांना अंदाज यावा म्हणून आकडे देतो:

पोहणं: २५ मीटरच्या तलावात २ किमी ५४ मिनिटांत, न थांबता. समुद्राचा सराव नाही.
सायकल: ५०-३४ क्रँक (पुढच्या चकत्यांचे दात), मागे ११-२८ ची कॅसेट, २८ मिमी टायर. सपाट रस्त्याला ५०-१५ वर केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ७० च्या आसपास.
धावणं: नुसती हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटं.
वय ३८, वजन ६८, कमाल हृदयगती १८२ (चाचणीत मोजलेली).

अडचण ब्रिक सरावात येते. ८० किमी सायकल २ तास ४३ मिनिटांत (सरासरी हृदयगती १५२), लगेच १० किमी धावणं. ६० किमीनंतर पोट डब्ब होतं, ढेकर येतात, जेल घशाखाली उतरत नाही. धावायला लागलं की पहिल्या तीन किमीत मांडीच्या आतल्या बाजूला गोळे येतात आणि चालावं लागतं. सायकलवर ७५० मिलीच्या दोन बाटल्या, प्रत्येकीत ९० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (कार्बची पावडर), शिवाय २५ ग्रॅम कार्बची तीन जेल (तीही माल्टोडेक्स्ट्रिनचीच). धावताना अर्धा लिटर साधं पाणी. चार तासांच्या सरावाआधी वजन ६८.०, नंतर ६५.४.

प्रश्न तीन. धावणं कच्चं आहे म्हणून त्याचे किलोमीटर वाढवू का? समुद्रासाठी काय करू? आणि क्लिप-ऑन एअरोबार (पुढे वाकून हात टेकवायचे दांडे) आता बसवावेत का?

शेंगदाणा

धावणं कच्चं नाही. किलोमीटर वाढवू नका, बाटली बदला. तुम्ही आकडे दिलेत म्हणून हिशोबच मांडतो.

७५० मिलीत ९० ग्रॅम म्हणजे १२ टक्के द्रावण. पोटातून चटकन पुढे सरकायला ६ ते ८ टक्के ठीक. त्याहून दाट झालं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि आतडं उलट शरीरातलं पाणी आत ओढतं. तुम्ही जेलही त्याच बाटलीच्या घोटाबरोबर घेत असणार, म्हणजे दाटपणा आणखी वाढला. पोट फुगणं आणि ढेकर तिथून.

आता एकूण कार्ब. १८० आणि ७५ मिळून २५५ ग्रॅम, पावणेतीन तासांत. तासाला ९३ ग्रॅम. माल्टोडेक्स्ट्रिन पोटात फुटून ग्लुकोजच होतं, आणि ग्लुकोज आतड्यातून आत नेणारा मार्ग तासाला साधारण ६० ग्रॅमला भरतो. उरलेलं तिथेच साचत जातं. साठाव्या किलोमीटरपर्यंत साठा पुरेसा होतो, म्हणून त्रास तिथेच सुरू होतो. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे, म्हणून दोन्ही मिसळायचे.

त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात. एक भाग माल्टोडेक्स्ट्रिनला दोन भाग साखर घेतली की प्रमाण बरोबर दोनास एक होतं. एका तासाची बाटली अशी:

पाणी ७५० मिली
माल्टोडेक्स्ट्रिन १५ ग्रॅम
साखर ३० ग्रॅम
मीठ १.५ ग्रॅम (सुमारे ५९० मिग्रॅ सोडियम)
अर्धं लिंबू, गाळून

हे ६ टक्के झालं. तासाला एक जेल वेगळं, त्यावर फक्त साधं पाणी. एकूण तासाला ७० ग्रॅम. पहिल्या लांब सरावाला ५५-६० वरच राहा. आतड्यालाही सवय लावावी लागते आणि तुमच्याकडे त्यासाठी पाच आठवडे आहेत. वजन किचनच्या काट्यावर करा. चमच्याने मोजलेलं मीठ हमखास चुकतं, कारण सपाट चमचा ५-६ ग्रॅमचा भरतो.

घाम: २.६ किलो घटले, २ लिटर प्यायलात, म्हणजे ४.६ लिटर घाम, तासाला १.१५. वजनातली घट ३.८ टक्के, ही जास्त आहे. ती २ ते ३ टक्क्यांत ठेवायची. तासाला ७५० मिली पुरेल. घामाइतकं सगळं परत पिण्याचा हट्ट धरू नका. सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं, आणि रक्तातलं सोडियम पातळ होणं हे तहानेपेक्षा धोक्याचं. जर्सीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर मीठ बाटलीमागे २ ग्रॅम करून पाहा.

ओआरएसबद्दल कोणीतरी विचारेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. मिठासाठी ते उत्तम, पण इंधन म्हणून पुरणार नाही.

गिअरबदल

शेंगदाणा यांच्याशी सहमत, पण पोट बंद पडायला वेगही कारण आहे. १८२ कमाल आणि सरासरी १५२ म्हणजे ८३ टक्क्यांच्या वर. एवढ्या जोरात, तेही उन्हात, रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी मिळतं. मग बाटली कितीही बरोबर बनवली तरी पचत नाही. सायकलवर १३६ ते १४२ मध्ये राहा. वेग २७ च्या आसपास येईल. तो येऊ द्या.

मांडीच्या आतले गोळे नुसत्या मिठाचे वाटत नाहीत. ५०-१५ वर ७० केडन्सने साधारण २९.५ चा वेग मिळतो. तोच वेग ५०-१९ वर ९० ने मिळतो. पहिल्यात प्रत्येक पायडलला जोर जास्त, स्नायू आधीच थकतो, आणि थकलेला स्नायूच उतरल्यावर पहिला आखडतो. कॅसेट बदलायची गरज नाही, गिअर वापरण्याची सवय बदला. आठवड्यातून एकदा ६ वेळा ५ मिनिटं ९५ वर, हलक्या गिअरमध्ये. सीटवर उड्या बसायला लागल्या की केडन्स ९० ला आणा. शर्यतीत शेवटचे ३ किमी मुद्दाम हलक्या गिअरवर चालवा.

सीट खूप वर असेल तरी तिथेच ओढ बसते. खाली घ्यायची तर एका वेळी ३ मिमी, आणि दोन राइड तशाच करून मगच पुढचा बदल. जुनी उंची टेपने नळीवर खूण करून ठेवा.

एअरोबार: या वेळी नको. ते बसवले की कंबरेचा कोन बंद होतो, म्हणून सीट एक-दोन सेंमी पुढे आणि थोडी वर घ्यावी लागते. म्हणजे सगळी बैठकच नवी. पाच आठवडे त्यासाठी कमी आहेत, आणि वाकलेल्या पोटावर जेल आणखी जड जातं.

सपाट_रस्ता

एअरोबारबद्दल थोडं वेगळं मत. समुद्रावरचा वारा दिवस चढेल तसा वाढतो, सायकलचा शेवटचा टप्पा त्यातच येतो. आज बसवले आणि दर राइडला २०-२० मिनिटांनी सुरुवात केली तर पाच आठवडे अगदीच कमी नाहीत. अटी दोन. हँडलबारचा मधला भाग ३१.८ मिमीचा गोल हवा, चपट्या एअरो बारवर क्लॅम्प बसत नाही. आणि कार्बन बार असेल तर कंपनीने क्लॅम्पला परवानगी दिली आहे का ते आधी पाहा, नाहीतर तडा जातो. गटात चालवताना त्यावर कधीही नाही, हात ब्रेकवर पोचत नाहीत.

गिअरबदल

मुद्दा मान्य, पण यांचं पोट आत्ता बिघडलेलं आहे. एकाच महिन्यात बाटली, केडन्स आणि बैठक तिन्ही बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. मी अजूनही नकोच म्हणेन.

पाणडुबी

पोहण्याचं बघू. २ किमीला ५४ म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४२ सेकंद. १.९ ला ५१ मिनिटं होतात, मर्यादा १ तास १० मिनिटं. वेळ आहे. पण २५ मीटरच्या तलावात दर वळणाला भिंतीला लाथ मारून चार-पाच मीटर फुकट मिळतात, आणि समुद्रात वाकडं पोहून अंतर वाढतं. ५८ मिनिटं धरून चाला. पाणी उबदार असल्याने वेटसूट मिळेल असं समजू नका. त्याची तरंगायची मदत नाही, म्हणून पुल-बॉय (तरंगता फोम) पायात धरून केलेला सराव तुमच्या २ किमीत मोजू नका.

तलावात करायच्या तीन गोष्टी. आठवड्यातून एकदा ८०० मीटर भिंतीला न टेकता, तळावरच्या टी-आकाराच्या खुणेच्या अलीकडूनच वळून. दुसरं, रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून १० हात मारा आणि उघडा. कुठल्या बाजूला सरकता ते कळेल. बहुतेक वेळा श्वास घेण्याच्या उलट बाजूचा हात आत, मध्यरेषेपलीकडे पडतो आणि तोच तुम्हाला वळवतो. तिसरं, दर ८ हातांना समोर बघणं. फक्त डोळे पाण्यावर आले पाहिजेत, सुसरीसारखे. श्वास समोर घ्यायचा नाही, डोळे वर, मग मान बाजूला आणि श्वास. पूर्ण डोकं उचललंत की कंबर बुडते, आणि असं दोनशेवेळा झालं की हात संपतात. लाट असेल तेव्हा लाटेच्या माथ्यावर असतानाच बघा, खळग्यातून मार्ग दाखवणारा बोया (तरंगती खूण) दिसत नाही. बोयाच्या मागे किनाऱ्यावरची उंच इमारत किंवा झाड हेरून ठेवा.

घाबरणं पहिल्या २०० मीटरमध्येच होतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा श्वास कोंडणं असतं. पाण्याखाली बुडबुडे पूर्ण सोडा, मग पुढचा श्वास आपोआप खोल येतो. सुरुवात मागून आणि कडेने करा. छाती भरून आली तर पाठीवर व्हा किंवा छातीवरचं पोहा, ते नियमात बसतं. कयाक धरून थांबायलाही हरकत नसते, फक्त तिला धरून पुढे जायचं नाही.

दोन वेळा तरी समुद्रात उतरा. मागे बांधायचा केशरी बोया, सोबत पोहणारा माणूस, स्थानिक कोळ्यांना विचारून भरती-ओहोटीची वेळ. एकट्याने कधीच नाही. मान आणि काखेला व्हॅसलीन लावा, खाऱ्या पाण्याने सोलवटतं. व्हॅसलीनचे हात गॉगलला लावू नका.

कातळवाट

सर्वांचे मनापासून आभार. एअरोबार रद्द. एक अडकलंय: तासाला ७५० मिली म्हणजे सायकलवर अडीच-तीन लिटर, आणि फ्रेमवर बाटलीचे दोनच पिंजरे. मदतकेंद्रावर पाणी मिळेल, पण पावडर कशी मिसळायची? आणि एकूण वेळेचं गणित कसं बसवू?

शेंगदाणा

अर्क करा. एका ७५० मिलीच्या बाटलीत तीन तासांचं सगळं: माल्टोडेक्स्ट्रिन ४५, साखर ९०, मीठ ४.५ ग्रॅम. आधी गरम पाण्यात विरघळवा, थंड झाल्यावर लिंबू पिळा. बाटलीला चिकटपट्टीच्या दोन रेघा मारून २५० चे तीन भाग करा. दर तासाला एक भाग, १५ मिनिटांनी एक घोट आणि प्रत्येक घोटामागे दुसऱ्या बाटलीतलं साधं पाणी दुप्पट. साधी बाटली मदतकेंद्रावर बदलत जा. पाणी संपलं तर अर्क नुसता पिऊ नका, तो १८ टक्क्यांचा आहे, जुना त्रास परत येईल.

अर्काची बाटली खालच्या नळीच्या पिंजऱ्यात. पिंजरा सैल असेल तर गतिरोधकावर उडते आणि सगळं इंधन रस्त्यावर. म्हणून तीन जादा जेल जर्सीच्या खिशात.

गिअरबदल

वेळ: पोहणं ०:५८, पहिला बदल (पोहण्यातून सायकलवर) ०:०५, सायकल ३:२०, दुसरा बदल (सायकलवरून धावण्याला) ०:०४, धावणं २:३५. एकूण ७:०२. मर्यादा साडेआठ तास. धावण्याला किलोमीटरमागे ७:२० मिनिटं धरलीत, कारण ते भर उन्हात येतं. पहिले ५ किमी याहून जोरात नको, मदतकेंद्रावर ३० सेकंद चालून पाणी प्या. बर्फ टोपीत आणि मानेवर. दमट हवेत अंगावर ओतलेलं पाणी फारसं वाळत नाही, ओघळून बुटात जातं आणि फोड येतात.

पुण्याच्या हवेत नुसतं राहून या उन्हाची सवय होणार नाही, म्हणून शेवटचे १०-१२ दिवस रोज तासभर दुपारचा हलका सराव करा.

बदलाच्या जागी आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकल स्टँडवरून काढायची. पुढच्या सायकलपासून १२ मीटर, आणि ओलांडायला शिरलात तर २५ सेकंदांत पार. पायाला वाळू असते, अर्धा लिटर पाणी आणि जुना टॉवेल ठेवा.

पंक्चरसाठी दोन ट्यूब. नवी घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा, काच तिथेच राहिली तर दुसरीही जाते. हवा भरण्यापूर्वी ट्यूब बीडखाली (टायरच्या कडेखाली) चिमटली नाही ना ते दोन्ही बाजूंनी बघा. विमानाने जाणार असाल तर हवा भरायचं सीओटू काडतूस विमान कंपनीला विचारल्याशिवाय सामानात ठेवू नका, छोटा पंप घ्या.

कातळवाट

या रविवारचा बेत: अर्काची एक बाटली, दुसरीत साधं पाणी, तासाला एक जेल, हृदयगती १४० च्या आत, ८० किमी आणि वर ८ किमी धावणं. केंद्रावर साधं पाणी नसेल तर तिथलं इलेक्ट्रोलाइट पेय दुसऱ्या बाटलीत घेतलं तर चालेल ना?

शेंगदाणा

नाही. त्यात साखर असेल तर अर्कासोबत पुन्हा १२ टक्क्यांच्या जवळ जाल. तेच मिळालं तर त्या तासाला अर्क निम्मा आणि जेल बंद. रविवारी सुरुवातीचं आणि शेवटचं वजन त्याच काट्यावर, कोरड्या कपड्यांत घ्या आणि इथे टाका. मिठाचं प्रमाण त्यावरून बदलू.