शक्तिमान पाहून तुम्ही काय काय उद्योग केले?

महालकर:
काल नागपुरात बर्डीवर फुटपाथवर लाल टी-शर्ट टांगलेला दिसला, छातीवर ते सोनेरी चक्र. बायको पुढे निघून गेली, मी तिथंच! १९९७ साली दूरदर्शनवर हे सुपरहिरोचं सीरियल सुरू झालं तेव्हा मी चौथीत. उडताना मागचं आकाश भलतीकडेच सरकायचं, तरी आम्ही श्वास रोखून. येऊ द्या तुमचेही किस्से.

पोट्टा_नं_१:
हात वर करून आंगणात गरगर फिरलो तो थेट तुळशीवृंदावनावर. हनुवटीवर खूण आहे अजून. आजी म्हणे, "काहून बे, भोवरा झाला का?"

संत्राबर्फी:
मी कॉलेजात होतो. नाव भाच्याचं, बघायचो मीच. हिरॉईन गीता विश्वास म्हणून आधीची किटू गिडवानी भारी की नंतरची वैष्णवी, यावर कँटीनमध्ये जाम भांडणं.

मृण्मयी_ध:
आई-पक्षाकडून लिहिते. शक्तिमान वाचवेल म्हणून पोरं उड्या मारतात अशा बातम्या यायच्या तेव्हा. पोटात गोळा! गच्चीला कुलूपच घातलं. मग शक्तिमान झालेले मुकेश खन्नाच एपिसोडच्या शेवटी समजावायचे. आमचं ध्यान "सॉरी शक्तिमान" म्हणत दात घासायला जायचं. मी वर्षभर घसा फोडला त्याचं काय?

बुवा:
आमच्या बाबांसाठी मुकेश खन्ना म्हणजे 'महाभारत' सीरियलमधले भीष्म. शक्तिमानचं साधं रूप, गंगाधर, दिसला की, "पितामह दात पुढे काढून काय करून राहिले?"

महालकर:
😂😂 बुवा!

उन्हाळी:
लाइट गेली की समोरचे काका गच्चीवरून व्हिलन किलविषसारखे ओरडत, "अंधेरा कायम रहे!" अख्खी गल्ली हसायची. आता इन्व्हर्टर आले, काकांचा रोल गेला.
बाय द वे, कूलरला चांगली खस कुठं मिळेल?

पोट्टा_नं_१:
इतवारीत बघा. गवताच्या ताट्या नका घेऊ, वास मारतात.

संत्राबर्फी:
गंगाधरचं पूर्ण नाव, पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. सातचा पाढा येत नव्हता भाच्याला, हे पाठ.

वर्धारोड:
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत लागलं, लेकीला कौतुकानं दाखवलं. म्हणे, "बाबा, हे कॉमेडी आहे का?" मी रागावलो. मग त्यातला व्हिलन डॉ. जॅकाल "पॉवर" म्हणाला आणि मलाच फुटलं.

मृण्मयी_ध:
@उन्हाळी, इतवारीत भाव करा बरं, अर्ध्यावर येतात.