रविवारी प्रभुभोजन, सोमवारी तीच जीभ: 'देवाजवळ राहा' म्हणजे करायचं काय?

कळव्याचा सॅम

सगळ्यांना सलाम. महापेला कर्जवसुलीच्या कॉल सेंटरमध्ये आहे. पर्सनल लोनचे हप्ते थकलेल्यांना दिवसभर फोन करायचे, 'अमुक तारखेला भरतो' असा शब्द घ्यायचा. महिनाअखेर आली, टार्गेट लांब असलं की तोंड सुटतं. 'पोलिस दारात येतील', 'तुमच्या सासऱ्यांना फोन लावतो', काय वाटेल ते. परवा एका बाईला तिच्या आजारी नवऱ्यावरून असं काही बोललो की शेजारच्या डेस्कवरचा हसला, आणि मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणंच जास्त खुपतंय.

रविवारी चर्चमध्ये, मंडळीत डोळे भरून येतात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधीच पुन्हा तेच. बायबलात याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे ना, ज्या जिभेने प्रभूची स्तुती त्याच जिभेने माणसांना शाप, ते वाचलं की वाटतं माझं रेकॉर्डिंग ऐकूनच लिहिलंय.

पाळकसाहेब म्हणतात, देवाजवळ राहा, पाप आपोआप सुटेल. पण असं बोलून घरी आलो की दोन-चार दिवस प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते. ठाण्याहून वाशी गाडीत स्तोत्र उघडतो आणि ऐरोली यायच्या आत मोबाइल खिशात जातो. जवळ राहायचं ते कसं?

नीतिमार्ग

भाऊ, नोकरी सोड. जकातदार मत्तय येशूने बोलावल्यावर जकातनाक्यावरून उठला तो उठलाच. 'पापी जनांनो, हात निर्मळ करा' हे याकोब ४:८ मध्ये स्पष्ट आहे. आणि तसल्या हातांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची ती भाकर आणि प्याला, घेण्याआधी १ करिंथ ११ वाच, अयोग्य रीतीने घेणारा दोषी ठरतो.

कोपरीची मावशी

नीतिमार्ग, वचन बरोबर दिलंत, पण अर्धंच. त्याच वचनाची सुरुवात 'देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल' अशी आहे. हात धुणं त्याच्यानंतर येतं. आपण सगळे ते उलट करतो. आधी स्वच्छ होऊ, मग देवापुढे जाऊ. आणि स्वच्छ काही होत नाही, म्हणून जाणंही होत नाही.

सॅम बाळा, जक्कय आठव. यरीहोचा मुख्य जकातदार, म्हणजे तुझ्याच धंद्यातला, फक्त पुष्कळ वरच्या जागेवर. उंबरावर चढून बसलेला. येशूने खालून हाक मारली ती 'आधी लोकांचे पैसे परत कर' अशी नव्हती. 'लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.' लोक कुरकुरले, पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला म्हणून. (हे कुरकुरणारे प्रत्येक मंडळीत असतात, आमच्याकडे तर पहिल्या बाकावर.) आणि मग जक्कय आपणहून उभा राहतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायचं होतं, गणना ५ मध्ये आहे. चौपट त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं. पाहुणा घरात आल्यावर त्याला ते सुचलं.

लाजेचं म्हणशील तर ५१वं स्तोत्र पुरं वाच, ऐरोलीला बंद करू नकोस. बथशेबेचं प्रकरण आणि तिच्या नवऱ्याचा खून, एवढं डोक्यावर घेऊन दावीद राजा बसलाय, आणि मागतो काय? मला तुझ्यासमोरून घालवून देऊ नकोस. एवढं करूनही तो त्याच दारात बसून राहिला. तू चार दिवस तोंड लपवतोस ना, मला विचारशील तर त्या शिवीपेक्षा हे चार दिवस जास्त नुकसान करतात.

नोकरीचं मी इथून सांगणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा 'ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका' म्हणाला. शिपायांना म्हणाला, धमकावून पैसे काढू नका, पगारात भागवा. लूक ३. नाका सोडा असं कुणालाच म्हणाला नाही. मत्तयाला बोलावणं आलं, तो उठला. तुला आलं तर तूही ऊठ.

आता रोजचं. मी नर्स होते, कॅज्युअल्टीत पुष्कळ काढली. दारू पिऊन नातेवाईक अंगावर यायचे, तिथे कुठली अर्ध्या तासाची प्रार्थना? केसपेपरवरचं नाव वाचायचं आणि मनात म्हणायचं, 'प्रभू, हा तुझा.' झालं. तुझ्या स्क्रीनवर नाव येतं ना? फोन लागण्याआधी तेवढंच म्हण. ज्याचं नाव आत्ताच देवापुढे घेतलं त्याला लगेच शिवी देणं जड जातं. अशक्य नाही, जड जातं.

आणि सगळी जीभ एकदम सुधारायला जाऊ नकोस. 'पोलिस येतील' हे एकच खोटं आधी सोड. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये परिपत्रक काढलं होतं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन नाहीत, शिवीगाळ-धमकी नाही, घरच्यांना त्रास नाही. टीम लीडर वचन ऐकणार नाही, हे कदाचित ऐकेल.

तलावपाळी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमचं सांगते. गंभीर पाप असेल तर वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापकबुली, आमच्यावर बंधनकारक आहे, मी जास्त वेळा जाते. तिथे 'वाईट बोलले' एवढ्यावर भागत नाही. कुणाला, काय, ते उच्चारावं लागतं. घरी मनातल्या मनात मी स्वतःला फार स्वस्तात सोडते. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. तुमच्यात हा संस्कार नसला तरी 'एकमेकांजवळ पापे कबूल करा' हे याकोब ५:१६ तुमच्याही बायबलमध्ये आहे. पाळकसाहेबांकडे एकटा जा आणि ते शेजारी हसला तेव्हा बरं वाटल्याचं आधी सांग.

कळव्याचा सॅम

मावशी, डायलर फोन आपोआप लावतो. नाव दिसेपर्यंत समोरचा हॅलो म्हणालेला असतो.

आणि त्या बाईचं काय करू? कामाचा नंबर खासगीत वापरता येत नाही.

कोपरीची मावशी

मग तिचं-त्याचं पूर्ण नाव नीट घे, 'ताई', 'साहेब' लावून. तीच प्रार्थना समज, देवाला पोचते.

ती केस पुन्हा तुझ्या यादीत येईल ना? आली की आधी माफी माग, हप्त्याचं नंतर बोल.

कळव्याचा सॅम

कॉल रेकॉर्ड होतात. क्वालिटीवाले मार्क कापतील.

कोपरीची मावशी

कापू देत. मंगळवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते, नंतर जेवण. मेसेज कर, पत्ता देते. नीतिमार्ग, तुम्हीही या.

कळव्याचा सॅम

सुटायला उशीर होतो मावशी. आठ वाजतात.

कोपरीची मावशी

सातनंतर फोन करायचे नाहीत हे आत्ताच सांगितलं ना? साडेआठपर्यंत वाट बघू, त्यानंतर भात गार.